उद्या या, काका!

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या गल्लीत सायकलची घंटी वाजायची. दूधवाल्याची घंटी सकाळची आणि लांबलचक. ही संध्याकाळची, दोनच ठोक्यांची. आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची, "पिग्मीवाले आले बघ." यंत्राच्या खणात बटणांची एक पत्र्याची डबी असे आणि त्या डबीत, बटणांच्या खाली, आदल्या दिवशीच्या शिलाईचे सुटे पैसे. त्यातले दोन रुपये आणि एक लहानसे निळे पुस्तक घेऊन मी दाराकडे धावायचो. काका सायकलवरून न उतरता एक पाय ओट्यावर टेकवायचे, रेक्झिनच्या पिशवीतून कार्बन घातलेले पावतीपुस्तक काढायचे, आकडा लिहून सही करायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे.

कधी कधी डबीत नुसती बटणेच असत. मग आई हळूच म्हणे, "आज नाही म्हणून सांग." मी मात्र ओट्यावरून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायचो, "उद्या या, काका!"

"चालते," एवढे म्हणून काका पॅडल मारायचे. का नाही, असे त्यांनी कधी विचारले नाही. तो 'चालते' आईला किती हलका करून जात असेल हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

हे १९८४-८५ चे दिवस आणि हे खामगाव, बुलढाणा जिल्ह्यातले. आमच्या गल्लीत एक तारखेला पगार येणारी घरे दोन-चारच. बाकी सगळे हंगामावर जगणारे. वडील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागला की जीन सुरू व्हायचे, होळी-पाडव्याच्या पुढेमागे बंद पडायचे. मधले चार-पाच महिने मिळेल ते हिशेबाचे काम. म्हणजे घर चालायचे बारा महिने आणि मिळकत सात-आठ महिन्यांची.

एका बोंडावर सारे गाव

खामगाव मुळातच कापसाच्या पैशावर वाढलेले गाव. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा सुरू झाला तो इथल्या कापसासाठीच. त्या कापसाच्या गाठी रेल्वेने मुंबईला जात. रेल्वे आली, जीन आले, प्रेस आल्या, त्यांच्या मागे हमाल, गाडीवान, दिवाणजी, किराणेवाले, शिंपी आले. फरशीवरच्या दुकानांत दिवाळीनंतर गर्दी होणार की नाही, हे सात-आठ कोसांवरच्या शेतातले बोंड ठरवायचे.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावर घालायचा आणि पैशाची वाट पाहायची. या पैशाला आमच्याकडे 'चुकारा' म्हणतात. कापूस घरातून गेलेला, चुकारा अजून यायचा. त्या मधल्या काळात साऱ्या बाजाराची भाषा एकच असायची. शेतकरी किराणेवाल्याला म्हणायचा, "चुकारा आला की देतो." किराणेवाला ठोक व्यापाऱ्याला तेच सांगायचा. आई ज्यांचे ब्लाउज शिवायची त्या बायाही तेच सांगायच्या आणि आई काकांना सांगायची, "उद्या या." ती योजना पुढे तीसेक वर्षांनी मावळली, पण वाट पाहण्याची ती साखळी अजून तुटलेली नाही. सोयाबीन आले, भाव पडला की आजही तीच साखळी खडखडते.

किराण्याचे खाते ही या साखळीतली सर्वांत अवघड कडी. उधारी आणायला घरातली मोठी माणसे जात नसत; पोराला पाठवत. मोठ्या माणसाला दुकानदार 'मागचे बाकी आहे' म्हणू शकतो, पोराला म्हणणे जड जाते. हा हिशेब दोन्ही बाजूंना ठाऊक असे. मी लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन जायचो, आणि दुकानदार आधी रोखीचे गिऱ्हाईक वाटेला लावायचा. रोखीवाला उशिरा येऊनही आधी जायचा, उधारीवाला आधी येऊनही उभा राहायचा. धीर म्हणजे काय याचा पहिला धडा मी त्या दुकानाच्या फळीला टेकून शिकलो. त्यात पुण्यबिण्य काही नव्हते. पाय दुखायचे, एवढेच.

आणि वस्तू मिळायची ती पावशेराने, छटाकाने. ज्यांच्याकडे दिवाळीत एकदम पैसा असे ते तेलाचा डबा भरत, गव्हाचे पोते घेत. आम्ही पाव किलो तेल आणि दोन रुपयांची चहाची पुडी घ्यायचो. पुड्यांचा वर्षाचा हिशेब आईने एकदा मांडला, तेव्हा तेवढ्याच चहाला डबेवाल्यांपेक्षा आमचे पैसे अधिक गेलेले निघाले. गरिबाला सगळे किरकोळ घ्यावे लागते, आणि किरकोळ नेहमीच महाग पडते. ही तूट आई दुसरीकडून भरून काढायची. भाजीला ती बाजार उतरल्यावर निघायची, दिवे लागल्यानंतर. दुपारी किलोने मिळणारे टमाटे तेव्हा वाट्याने मिळत. विकणारीला गावी परतायची घाई आणि आईला कसली घाई नाही. जिच्याकडे पैसा कमी तिच्याकडे वेळ तरी होता. तिने वेळ खर्चून पैसा वाचवला.

दोन आण्यांची विद्या

दारोदार फिरून रोजची बचत गोळा करण्याची ही रीत आपल्याकडे आली कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून. उडुपीला १९२५ मध्ये स्थापन झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून देशभर नाव झालेल्या बँकेने १९२८ मध्ये 'पिग्मी' ठेव सुरू केली. डॉ. टी. एम. ए. पै हे या बँकेच्या संस्थापकांपैकी एक. रोज दोन आणे, आणि तेही बँकेचा माणूस घरी येऊन नेणार. ती बँक १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत झाली, २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली; पण 'पिग्मी' हा शब्द मराठीत असा मुरला की तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. पुढे आपल्या गावोगावच्या सहकारी बँका आणि पतसंस्था याच घंटीवर वाढल्या. आमच्या जिल्ह्याला पतसंस्थांचा वारसा मोठा. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी बुलढाण्यात सुरू केलेली बुलडाणा अर्बन आज देशातल्या मोठ्या पतसंस्थांत गणली जाते. रेल्वे नसलेल्या एका लहान जिल्ह्याच्या गावी एवढी संस्था उभी राहावी, हे बाहेरच्यांना नवल वाटते. इथल्या माणसांनी दोन-दोन, पाच-पाच रुपये किती वर्षे टाकले असतील याचा विचार केला तर ते नवल थोडे कमी होते.

या रीतीची खरी करामत व्याजात नव्हती. ती दारात येण्यात होती. मोठ्या रस्त्यावरच्या बँकेत स्लिप भरा, दोरीला बांधलेले पेन शोधा, काउंटरपलीकडची नजर झेला. आणि एवढे करून भरायचे किती, तर दोन रुपये! आई त्या पायऱ्या कधीच चढली नसती. घरात ठेवलेला पैसाही टिकत नाही. पाहुणा येतो, पोराला ताप येतो, वही-पेन लागते. शिवाय घरातल्या पुरुषमाणसाने मागितला तर नाही म्हणता येत नाही. काकांच्या पिशवीत गेलेला रुपया मात्र या सगळ्यांच्या हाताबाहेर जायचा. घरातल्या घरात 'नाही' म्हणण्याची सोय आईला त्या पिशवीने करून दिली होती.

सव्वा वर्षात, 'उद्या या'चे महिनाभर दिवस वजा जाता, साडेआठशे रुपये जमले. त्यातून पंखा आला. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे चढणाऱ्या आमच्या गावात, पत्र्याच्या छपराखाली तो पंखा पहिल्यांदा फिरला त्या रात्री आम्ही भावंडे झोपलोच नाही. नुसते वर बघत पडलो. तो आनंद पंख्याचा होताच, त्याहून अधिक तो एका गोष्टीचा होता: त्या पंख्यावर कोणाचा एक पैसा देणे नव्हता.

पण धीराची किंमत इथेही मोजावीच लागते. गरिबांच्या पैशाच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या स्टुअर्ट रुदरफोर्ड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात विजयवाड्याच्या झोपडपट्टीतली एक रीत नोंदवली आहे. पैसे गोळा करणारी बाई रोज पाच रुपये, असे दोनशेवीस दिवस नेते. अकराशे रुपये होतात. ती परत देते हजार, शंभर ठेवून घेते. व्याज मिळणे दूरच, उलट बचत करणाऱ्यानेच बचतीसाठी पैसे मोजायचे! शहाण्या माणसाला हे वेडेपणाचे वाटेल. मी ते आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय! घरी ठेवले असते तर हजारातला एक तरी उरला असता का?"

घंटी थांबली तेव्हा

आता जे सांगतो ते सांगायला जड जाते. २००० नंतरच्या काही वर्षांत राज्यात अनेक पतसंस्था बुडाल्या. मी तेव्हा नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी होतो. मधल्या काळात काकांनी जुन्या बँकेचे काम सोडून एका नव्या पतसंस्थेचे घेतले होते. कमिशन थोडे अधिक मिळत होते. गल्लीनेही संस्था बदलली. कोणी ताळेबंद मागितला नाही, संचालक कोण ते विचारले नाही. संस्था बदलली होती, काका बदलले नव्हते. लोकांची ठेव संस्थेत नव्हतीच, ती काकांच्या सायकलवर होती.

आई तेव्हा रोज दहा रुपये भरत होती, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी. मोतीबिंदू पिकत आला होता. सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या मुलीला हाक मारायची. दहा हजारांच्या वर रक्कम झाली होती आणि एके सकाळी संस्थेचे शटर अर्धेच उघडले. आत बसलेल्या माणसाने सांगितले, "सोमवारी या." सोमवारी सांगितले, "पुढच्या आठवड्यात या." मग शटर पूर्ण खाली आले आणि त्यावर कागद लागला.

आयुष्यभर जी बाई संकोचाने 'उद्या या' म्हणत आली, तिला आता ते शब्द ऐकावे लागले. फरक एवढाच की तिचा 'उद्या' खरेच दुसऱ्या दिवशी उजाडायचा.

तिने मला काही कळवले नाही. "आपली ठेव आहे, मिळेल," म्हणून ती दीड वर्ष तशीच शिवत राहिली. मी सणाला घरी जायचो. टाके वाकडे पडत होते, तिने नक्षीकामाचे ब्लाउज घेणे सोडले होते, हे सगळे डोळ्यांसमोर असून मला दिसले नाही. तिच्या धीराचे मी चारचौघांत कौतुक करायचो. आज वाटते, ते कौतुक म्हणजे न बघण्याचीच एक सोय होती.

काकांनी आमची गल्ली सोडून दिली होती. मागच्या रस्त्याने वळसा घालून जायचे. लोक त्यांना काय काय बोलले होते ते लिहिण्यासारखे नाही. एका संध्याकाळी आईने त्यांना कोपऱ्यावर गाठले. "काहून भाऊ, आमच्या दारात काटे पेरले का कोणी?" तिने त्यांना घरी आणले, चहा ठेवला. कप हातात धरून ते बराच वेळ नुसते बसले. मग सांगितले की त्यांच्या पोरीच्या लग्नाचे पैसेही त्याच संस्थेत होते. आई म्हणाली, "तुमचे बी अडकले असतील, हे मले ठाऊक होतं."

सरकारी शिबिरात मोफत शस्त्रक्रिया होते हे आईला माहीत होते. ती जात नव्हती. आपले पैसे असताना फुकट कशाला, हा तिचा हट्ट. काकाच एक दिवस तिला शिबिराला घेऊन गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती एसटीने परत आली तेव्हा शेजारच्या आसनावर तेच होते. पुढे सहा-सात वर्षांनी अवसायकाकडून तीन तुकड्यांत ठेवीचा निम्म्याच्या आसपास पैसा मिळाला. तोवर काका राहिले नव्हते.

या अनुभवातून घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात अशा दोन-तीन गोष्टी आहेत. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, विम्याचे संरक्षण असते. २०२० पासून ते पाच लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. दारावर दोघांचाही माणूस सारख्याच पिशवीने येतो, म्हणून विचारून घ्यावे. टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत आजही महिना शंभर रुपयांपासून बचत करता येते आणि तिच्यामागे सरकार उभे असते. पावती त्याच दिवशी घ्यावी आणि वर्षातून एकदा तरी पुस्तक घेऊन संस्थेच्या पायऱ्या चढाव्यात, कितीही संकोच वाटला तरी. माणूस चांगला असणे आणि संस्था चांगली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गल्लीने त्या एक मानल्या.

धीर आधी की नंतर?

परवा गल्लीत गेलो होतो. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकला आहे. चहाची पुडी अजून आहे. पत्र्याच्या जागी स्लॅब आले, घरोघर कुलर आले, आणि विचारपूस केली तर बहुतेक हप्त्यावर. शेजारची सून सांगत होती, मंगळवारी बायकांच्या गटाचा हप्ता, पाच तारखेला फोनचा, दहा तारखेला गाडीचा. रक्कम रोजावर वाटून पाहिली तर फार नव्हे; आईच्या दोन रुपयांचीच आजची भावंडे. फरक दिशेचा आहे. आईने आधी सव्वा वर्ष धीर धरला आणि मग पंखा घेतला. सुनेने आधी कुलर घेतला. धीर ती आता धरते आहे.

मी तिला दोष देणार नाही. पंचेचाळीस अंशांत तान्हे मूल घेऊन सव्वा वर्ष थांब, असे सांगण्याचा अधिकार कुलरखाली बसलेल्या माणसाला नाही. कर्जाच्या यंत्राने एका बाईला उद्यापासून मिळकत सुरू करता येत असेल तर ते कर्ज शहाणपणाचेच. रिझर्व्ह बँकेनेही २०२२ मध्ये अशा लहान कर्जांसाठी नियम घातला आहे, की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते त्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. पण निम्मे हे सुद्धा हंगामावर जगणाऱ्या घराला फार असते. जीन बंद पडले की मिळकत थांबते. हप्ता थांबत नाही.

आणि एक गोष्ट त्या सुनेने सांगितली ती मनातून जात नाही. हप्त्याच्या तारखेआधी दोन दिवस तिच्या फोनवर घंटी वाजते. पैसे नसले तरी वाजते. एखाद्या दिवशी नाही जमले तर दंड लागतो. "तिला काही सांगता येत नाही नं," ती म्हणाली, "ती ऐकतच नाही."

थोड्या पैशात राहणाऱ्या माणसाला धीर कमी पडत नाही. तो त्याच्याकडे मुबलक असतो. रोज लागतो म्हणून रोज तयार होतो. त्याला हवी असते ती धीर ठेवायला भरवशाची जागा, आणि दारात आलेल्या माणसाला एखाद्या दिवशी 'आज नाही' म्हणता येण्याची मुभा. काकांच्या सायकलवर यातले दुसरे होते, पहिले नव्हते. आजच्या फोनवर पैशाचा हिशेब चोख आहे. पण तो 'चालते' म्हणत नाही.

निघताना अंधार पडला होता. गल्लीच्या तोंडाशी एक मुलगी स्कूटी लावून, हातातल्या लहान यंत्रातून पावती फाडून देत होती; नव्या काळातली पिग्मी. आमच्या जुन्या घरासमोरच्या ओट्यावर पाच-सहा वर्षांचे एक पोर आले आणि आतल्या कुणीतरी पढवलेले वाक्य साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "ताई, उद्या या!"

मी नकळत थांबलो. त्या मुलीने यंत्र पिशवीत टाकले, स्कूटीला किल्ली लावली.

"चालते," ती म्हणाली.